‘सुट्टी मिळाल्यास ताबडतोब यावे’: भाषांतराच्या टेबलावरून मराठी शब्दबंध

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन घरी गेलेले जत तालुक्यातले एक आजोबा दुसऱ्याच दिवशी पहाटेची एसटी पकडून मिरजेला परत आले. डोळ्यावर पट्टी, सोबत नातू, हातात दवाखान्यानं दिलेला कागद. डोळा उत्तम होता. दुखत नव्हता, लाल नव्हता. ‘‘मग आलात कशाला एवढ्या लांब?’’ असं सिस्टरनी विचारलं, तेव्हा नातवानं कागद पुढं केला. त्यावर सातव्या ओळीत छापलं होतं: ‘सुट्टी मिळाल्यास ताबडतोब यावे.’ आजोबांना सुट्टी मिळाली होती, म्हणून ते आले होते.

मूळ इंग्रजी कागदावर ‘डिस्चार्ज’ असा शब्द होता. डोळ्यातून पू किंवा चिकट घाण यायला लागली तर लगेच या, असं डॉक्टरांना म्हणायचं होतं. त्या आठवड्यात मी बाहेरगावी होते, कागद घाईचा होता, म्हणून कुणीतरी फोनमधल्या एका फुकट भाषांतर-ॲपला ते पान दिलं आणि आलेलं मराठी तसंच छापून घेतलं. आजोबांचं नुकसान झालं नाही, एवढंच समाधान. पण ऑपरेशन झालेला डोळा घेऊन त्या वयाच्या माणसानं एसटीत धक्के खात यावं, तेही आमच्या एका शब्दापायी, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

मी सांगलीत राहते आणि गेली एकोणीस वर्षं दवाखान्यांची, औषधांची, खता-कीटकनाशकांची माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणते. त्यातली शेवटची सहा वर्षं ज्या साधनाशी मी रोज बोलते, त्याबद्दल हे लिहिते आहे. आयआयटी मुंबईनं तयार केलेलं मराठी वर्डनेट, म्हणजे ‘मराठी शब्दबंध’. संकेतस्थळावर जाऊन शब्द टाकायचा, बाकी काही लागत नाही, पैसेही नाहीत. भाषांतरकारांच्या बैठकीत मी त्याचं नाव काढते तेव्हा दहातल्या आठ जणांनी ते ऐकलेलं नसतं. ऐकलेल्यांचा समज असा, की तो एक ऑनलाइन शब्दकोश आहे. तसा तो नाही, आणि फरक नेमका कुठं आहे ते समजलं की कामाची पद्धतच बदलते.

शब्दकोश शब्दापासून सुरू होतो. शब्दबंध अर्थापासून सुरू होतो. मोल्सवर्थ उघडला किंवा दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडला, की एक शब्द आणि त्याखाली त्याच्या अर्थांची रांग. शब्दबंधात पायाची वीट आहे ती एका अर्थाची: त्या अर्थानं वापरता येतील अशा शब्दांचा एक जुडगा, खाली अर्थाची एक ओळ, आणि एक उदाहरणाचं वाक्य. या जुडग्याला तिथं समानार्थी समूह म्हणतात, प्रत्येक समूहाला स्वतःचा क्रमांक असतो. एक शब्द जितक्या अर्थांनी चालतो तितक्या समूहांत तो बसतो.

‘घर’ हा शब्द घ्या. राहायचं घर. ‘चांगल्या घरातली मुलगी’ यातलं घर, म्हणजे कुटुंब. बुद्धिबळाच्या पटावरचं घर. आणि माझ्या दवाखान्याच्या कामात सारखं येणारं चष्म्याचं घर. माणसाला हे सांगावं लागत नाही. संगणकाला ‘घर’ म्हणजे दोन अक्षरं. त्याला अर्थ कळवायचा कसा? शब्दबंध बांधणाऱ्यांनी याचं उत्तर मला फार आवडेल असं काढलंय: व्याख्या द्यायच्या आधी सोबती द्यायचा. ‘घर’च्या शेजारी ‘कुटुंब’ ठेवलं, की दोघांना एकत्र बसवणारा अर्थ एकच उरतो. समूह बांधायचे त्यांचे तीन दंडक आहेत. अर्थ नक्की करायला लागतील तेवढे कमीत कमी शब्द आधी पक्के करायचे. मग त्या अर्थाचे भाषेत असतील तेवढे सगळे शब्द गोळा करायचे. आणि शेवटी समूहातला एक शब्द काढून दुसरा घातला तर निदान काही वाक्यांत तरी वाक्य तसंच उभं राहतं का, ते तपासायचं. हा तिसरा दंडक मी माझ्या प्रत्येक पत्रकाला लावते. शब्द बदलून वाक्य मोठ्यानं वाचते. वाक्य लंगडलं, तर शब्द चुकीच्या समूहातून उचललाय.

पण समूह ही निम्मीच गोष्ट. ‘बंध’ हे नाव पडलंय ते समूहांमधल्या धाग्यांमुळे. मोतीबिंदू हा एक नेत्ररोग, नेत्ररोग हा एक रोग: हा वर चढणारा धागा. बुबुळ हा डोळ्याचा भाग: हा अंग-अंगीचा धागा. वर्डनेटची कल्पना पहिल्यांदा प्रत्यक्षात आणली ती अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात, १९८५ पासून, आणि आणणारा माणूस संगणकवाला नव्हता. जॉर्ज मिलर हा मानसशास्त्रज्ञ. माणसाच्या तात्पुरत्या स्मृतीत एका वेळी सातेक गोष्टी मावतात, हा १९५६ सालचा त्याचा निबंध आजही शिकवला जातो. त्याला प्रश्न पडला होता तो हा, की माणूस हजारो शब्द डोक्यात ठेवतो ते कुठल्या मांडणीत? अकारविल्हे तर नक्कीच नाही. ‘कावळा’ म्हटल्यावर आपल्याला ‘कावड’ आठवत नाही, ‘चिमणी’ आठवते. त्या मांडणीचा नकाशा काढायला घेतला आणि त्यातून संगणकाच्या कामाची वस्तू तयार झाली. प्रिन्स्टनच्या वर्डनेटमध्ये आज १,१७,००० हून अधिक समूह आहेत.

आपल्याकडे आयआयटी मुंबईत प्राध्यापक पुष्पक भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी हिंदी वर्डनेट उभं केलं आणि त्याच्या आधारानं मराठी. मराठीतले समूह सुमारे ३०,००० आहेत. पुढं याच पद्धतीनं कोकणीचं काम गोवा विद्यापीठात झालं, आणि अशी भारतातल्या १८ भाषांची वर्डनेट एकत्र गुंफून ‘इंडोवर्डनेट’ झालं. जगभरच्या वर्डनेटवाल्यांची पहिली परिषद २००२ मध्ये म्हैसूरला भरली होती आणि २०१० ची मुंबईत. आपल्या भाषा या कामात मागून येऊन कोपऱ्यात बसलेल्या नाहीत, हे मला आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता हिंदीवरून मराठी, हे ऐकून माझ्यासारख्या कुणाच्याही कपाळाला आठी पडेल. ‘शिक्षा’, ‘चेष्टा’, ‘राजीनामा’, ‘खाली’: हिंदीतून जसेच्या तसे उचललेले हे शब्द मराठीत काय घोटाळा करतात ते आपण जाहिरातींत रोज बघतो. पण इथं शब्दावरून शब्द आणलेला नाही. भाषांतरकर्त्यासमोर हिंदी समूहाचा अर्थ ठेवला जातो आणि त्या अर्थाला मराठीत काय म्हणतात ते लिहायचं असतं. क्रमांक तोच राहतो. हिंदी ‘शिक्षा’च्या क्रमांकावर मराठीत ‘शिक्षण’ येतं, आणि हिंदी ‘सज़ा’च्या क्रमांकावर आपली ‘शिक्षा’. दोन भाषांमधला पूल शब्दांच्या टोकांना बांधलेला नसून अर्थाच्या क्रमांकाला बांधलेला आहे. भाषांतर करणाऱ्यानं डोक्यात जे करायचं असतं, ते इथं कागदावर करून ठेवलंय.

या पद्धतीची एक किंमत असते. दुसऱ्या भाषेची यादी पुढ्यात घेऊन बसलं, की त्या भाषेला जे जे सुचलं ते आधी भरलं जातं, आणि फक्त आपल्याकडेच असलेल्या गोष्टी शेवटी आठवून आठवून घालाव्या लागतात. हुरडा, माहेरवाशीण, बोडण, पाटपाणी. मराठीपासूनच सुरुवात करून, मराठी पुस्तकं आणि मराठी बोलणं समोर ठेवून केलेला शब्दबंध कसा दिसला असता, याचा मी पुष्कळदा विचार करते.

मला सगळ्यात उपयोगी पडतात ते मात्र मोठ्या आडव्या-उभ्या धाग्यांपेक्षा बारीक धागे. हिंदी-मराठीच्या या वर्डनेटमध्ये विरुद्धार्थाला नुसतं ‘विरुद्ध’ म्हणून सोडत नाहीत, कशाच्या बाबतीत विरुद्ध तेही नोंदवायची सोय आहे: आकारात, दर्जात, दिशेत, लिंगात. ‘भाग’ या संबंधाचेही असेच प्रकार पाडलेत. बुबुळ हा डोळ्याचा भाग, झाड हा जंगलाचा भाग, घोट हा पाण्याचा भाग, आणि हे तिन्ही ‘भाग’ एका जातीचे नाहीत. ही कटकट कशासाठी? कारण संगणक धाग्याला धागा जोडत जातो. बुबुळ डोळ्याचा भाग, डोळा चेहऱ्याचा भाग, म्हणून बुबुळ चेहऱ्याचा भाग: हे बरोबर. पण डोळा हा डॉक्टरच्या शरीराचा भाग आणि डॉक्टर हा वैद्यकीय संघटनेचा भाग, म्हणून डोळा हा संघटनेचा भाग? एक ‘भाग’ अवयवाचा, दुसरा सभासदाचा. जात नोंदवलेली असेल तर यंत्राला इथं थांबता येतं. तर्क करणं म्हणजे काय याचा इतका सोपा धडा मला कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नव्हता.

आपल्या भाषांसाठी खास घातलेलाही एक धागा आहे: निजणे आणि निजवणे, खाणे आणि खाऊ घालणे. रुग्णानं स्वतः थेंब घालायचे की घरच्यानं घालायचे, हे मराठी क्रियापदाच्या पोटात बसतं, इंग्रजीला त्यासाठी वेगळे शब्द जोडावे लागतात. म्हणून माझ्या पत्रकात ‘औषध घ्यावे’ आणि ‘औषध द्यावे’ यांत मी कधी गल्लत होऊ देत नाही.

आता त्या ‘डिस्चार्ज’कडे येते. परतल्यावर तो कागद पाहिला आणि मला राग येण्याआधी प्रश्न पडला: चूक नेमकी झाली कशी? माझी भाची पुण्यात संगणक शिकते. दिवाळीला आली होती, तिला घेऊन बसले. ती म्हणाली, ‘‘मावशी, यावर १९८६ सालची एक युक्ती आहे. लेस्क नावाच्या माणसाची. आपण हातानं करून बघू.’’

युक्ती साधी आहे. शब्दाचे जेवढे अर्थ, त्या प्रत्येकाची कोशातली व्याख्या घ्यायची. मग तो शब्द ज्या मजकुरात आलाय तिथले आजूबाजूचे शब्द घ्यायचे. ज्या व्याख्येतले शब्द मजकुराशी जास्त जुळतील तो अर्थ खरा मानायचा. मायकेल लेस्कनं इंग्रजी ‘कोन’ या शब्दावर हे दाखवलं होतं, पाईनच्या झाडाचं बोंड आणि आइस्क्रीमचा कोन वेगळे कसे ओळखायचे ते.

आम्ही दोन कागद घेतले. एका अर्थाच्या व्याख्येत: द्रव, शरीर, जखम, वाहणे. दुसऱ्या अर्थाच्या व्याख्येत: रुग्णालय, रुग्ण, परवानगी, घरी जाणे. मग पत्रकाचं अख्खं पान घेतलं आणि जुळणाऱ्या शब्दांवर पेन्सिलनं खुणा करत गेलो. रुग्णालय, रुग्णालय, रुग्ण, घरी, रुग्णालयाचा फोन, घरी. दुसऱ्या अर्थाची बाजू खुणांनी भरली. पहिल्या अर्थाला मिळाली एकच खूण, ‘जखम’ या शब्दाची. भाची गप्प झाली आणि मीही. शब्दाची संगतच त्याला चुकीच्या दारात घेऊन गेली होती. त्या ॲपच्या आत नेमकं काय चालतं ते मला माहीत नाही, पण आमच्या टेबलावर, पूर्ण प्रामाणिकपणे मोजून, आम्हीही तीच चूक केली.

मग बरोबर अर्थ मला कशावरून कळतो? मी तिला सांगितलं, कागदाचं शीर्षक वाच: ‘घरी गेल्यावर घ्यायची काळजी’. हा कागद वाचणारा माणूस घरी पोचलाय. त्याला सुट्टी मिळून चुकली. जे होऊन गेलं ते ‘झाल्यास’ कसं म्हणणार? आणि त्या ओळीच्या वरच्या दोन ओळी बघ: डोळा लाल झाल्यास, ठणकल्यास. यादी तक्रारींची आहे, तिसरी ओळही तक्रारच असणार. यात कोश कुठं आला? यात आला कागद, वाचणारा, त्याची जागा आणि वेळ.

भाचीनं तेव्हा मला येहोशुआ बार-हिलेलची गोष्ट सांगितली. यंत्रभाषांतर अगदी बाळसं धरत होतं त्या काळात, १९६० मध्ये, त्यानं एक उदाहरण देऊन या सगळ्या उत्साहाला खडा सवाल केला. छोटा जॉन खेळण्यांची पेटी शोधत होता, ती शेवटी सापडली, पेटी ‘पेन’मध्ये होती. इंग्रजीत ‘पेन’ म्हणजे लिहायचं पेन आणि ‘पेन’ म्हणजे लहान बाळाला खेळायला ठेवतात तो कठडाही. पेटी पेनात मावत नाही, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे वाक्य कळेल, आणि ही माहिती वाक्यात कुठंच लिहिलेली नाही. बार-हिलेलचं म्हणणं होतं की यंत्रात जगाचं एवढं ज्ञान भरणं अशक्य. मी जतच्या आजोबांचा कागद त्या गोष्टीशेजारी ठेवते. पेनाचा आकार काय आणि रुग्ण आत्ता कुठं आहे काय, दोन्ही मजकुराच्या बाहेरच्या गोष्टी.

शब्दबंध हे सोडवतो का? नाही. तो तसा दावाही करत नाही. पण तो अर्थांची सगळी दारं एका ओळीत उघडून समोर ठेवतो आणि म्हणतो, निवड. भाषांतर-ॲप यातली एक खोली आधीच निवडून मला तिथं नेऊन बसवतं, बाकीची दारं होती हे कळतही नाही. माझ्या कामात हा फरक जमीन-अस्मानाचा आहे. थकलेल्या संध्याकाळी चाळिसावं पान करताना मलाही ‘डिस्चार्ज’चा पहिला आठवेल तो अर्थ लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. समोर दारांची ओळ असली की हात थांबतो.

वर्डनेटची म्हणून जी अडचण जगभर बोलली जाते, तिचा अनुभव मात्र कामात घ्यावाच लागतो. तिला ‘टेनिसची अडचण’ म्हणतात. टेनिसचा चेंडू, रॅकेट, जाळी, खेळाडू, पंच: आपल्या डोक्यात हे एका मैदानात असतात. वर्डनेटमध्ये चेंडू वस्तूंच्या फांदीवर, खेळाडू माणसांच्या फांदीवर, आणि दोघांना थेट जोडणारा धागा सहसा नसतो. माझ्या दवाखान्याचं तसंच. मोतीबिंदू रोगांमध्ये, भिंग वस्तूंमध्ये, थेंब द्रवांमध्ये, शस्त्रक्रिया क्रियांमध्ये. ‘हे सगळे एका सकाळी, एका टेबलावर एकत्र येतात’ हे सांगणारी फांदीच नाही. अर्थाच्या वर्गवारीतून प्रसंग निसटतो.

आणि क्रियापदं. ‘लागणे’ या एका शब्दावर मी एक आठवडा घालवू शकेन. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, वेड लागलं, पाऊस लागला. फलाटावर बस लागली, आणि घाटात बस लागली म्हणून आल्याचा तुकडा चघळला. डोळ्यांच्या पत्रकात तर हा शब्द फार जपून वापरावा लागतो: डोळ्याला लागलं म्हणजे इजा, डोळा लागला म्हणजे झोप, वाटेकडे डोळे लागले म्हणजे वाट पाहणं. नाम तेच, क्रियापद तेच, मधला प्रत्यय आणि वचन बदललं की माणूस दवाखान्यात, अंथरुणात किंवा दाराशी. इथं ‘डोळा’चा समूह आणि ‘लागणे’चा समूह वेगवेगळे काढून बेरीज करता येत नाही, अख्खा वाक्प्रचार एक नग म्हणून नोंदवावा लागतो. मराठीसाठी हे काम कितीही केलं तरी पुरेसं होणार नाही, इतकी आपली बोलणारी माणसं या क्रियापदांवर जगतात.

संगतीवरून अर्थ काढायची दुसरी, आता जास्त गाजलेली वाट भाचीनं मला तिच्या लॅपटॉपवर दाखवली. जे. आर. फर्थ हा इंग्रज भाषाशास्त्रज्ञ १९५७ मध्ये म्हणाला होता, की शब्द ओळखायचा त्याच्या संगतीवरून. २०१३ मध्ये गूगलमधल्या टोमास मिकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी ‘वर्ड-टू-व्हेक’ नावानं तेच आकड्यांत करून दाखवलं. ढीगभर मजकूर वाचून प्रत्येक शब्दाला आकड्यांची एक माळ द्यायची. ज्यांची संगत सारखी त्यांच्या माळा सारख्या. फेसबुकच्या ‘फास्टटेक्स्ट’मध्ये मराठी शब्दांच्याही अशा माळा फुकट मिळतात, प्रत्येकीत ३०० आकडे. त्यात शब्दाचे तुकडेही मोजतात, त्यामुळे ‘डोळा’, ‘डोळ्यातून’, ‘डोळ्यांना’ ही नात्यातली माणसं म्हणून ओळखली जातात. सामान्यरूपं करणाऱ्या आपल्या भाषेला याचा मोठाच आधार.

यात टेनिसची अडचण उरत नाही. मोतीबिंदू, भिंग आणि थेंब इथं शेजारी येऊ शकतात, कारण ते मजकुरात शेजारी असतात. पण दुसरीकडे ‘गरम’ आणि ‘थंड’ही जवळजवळ राहतात, ‘उजवा’ आणि ‘डावा’ही, कारण त्यांची संगत एकच. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे की डाव्या, यात ज्याला फारसा फरक दिसत नाही, त्याच्या एकट्याच्या भरवशावर मी दवाखान्याचा कागद सोडणार नाही. शब्दबंधात या दोघांमध्ये विरुद्धार्थाचा धागा ओढायची सोय आहे आणि तो माणसानं विचार करून ओढायचा असतो.

शिवाय या माळा शब्दाला एकच देतात. दुखण्याची कळ, दाबायची कळ आणि भांडणाची कळ, तिन्ही एका माळेत. २०१८ मध्ये आलेल्या ‘बर्ट’पासून पुढच्या मॉडेलांनी, म्हणजे ढीगभर मजकुरावरून भाषा शिकलेल्या प्रोग्रॅमांनी, ते सुधारलं, शब्द ज्या वाक्यात आलाय त्या वाक्यापुरती नवी माळ तिथंच गुंफायची. पुण्याच्या ‘एलथ्रीक्यूब’ गटानं मराठीसाठी ‘महाबर्ट’ तयार करून खुलं ठेवलंय, त्यामागच्या मराठी मजकुराच्या साठ्यात जवळपास अडीच कोटी वाक्यं आहेत. भाचीनं एका नव्या संभाषण-मॉडेलला आमचं ते पान दिलं, तर त्यानं पहिल्या झटक्यात ‘डोळ्यातून स्राव येत असल्यास’ असं लिहिलं. मला मनापासून आनंद झाला. वाक्य बरोबर होतं.

‘‘मग आता शब्दबंधाची गरज काय?’’ भाचीनं विचारलं. मी तिला सांगितलं, ‘स्राव’ हा शब्द घेऊन सिस्टरांकडे जाऊया. आम्ही खरंच गेलो. बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या पाच जणांना ते वाक्य वाचून दाखवलं. दोघांनी मान डोलावली, पण म्हणजे काय विचारल्यावर सांगता येईना. एक मावशी म्हणाल्या, ‘‘घाण येती म्हणा की सरळ.’’ कवठेमहांकाळकडचे एक काका म्हणाले, ‘‘चिपडं धरल्यावर यायचं, असंच ना?’’ स्राव, घाण, पू, चिपडं. डॉक्टरला यांत फरक आहे, आणि तो असायलाच हवा: सकाळी उठल्यावर थोडी चिपडं कुणालाही येतात, पू येणं ही धोक्याची खूण. शब्दबंधाच्या समोर बसून मी हेच करते, जवळचे समूह शेजारी मांडते, कुठला अर्थ कुठं संपतो त्या रेषा बघते. एवढं मात्र खरं, की कुठला शब्द कुणाच्या तोंडी आहे, हे समूहातल्या शब्दांच्या ओळीवरून समजत नाही. अर्थ एक असलेले शब्द तिथं मांडीला मांडी लावून बसतात. त्यासाठी बाकावर जाऊन बसावं लागतं.

कुणी वापरावा? भाषांतर करणाऱ्या प्रत्येकानं, पाठ्यपुस्तकं आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनी, मराठी शिकवणाऱ्या शिक्षकांनी. आठवीच्या मुलांना समानार्थी शब्दांची यादी पाठ करायला देण्यापेक्षा एक समूह फळ्यावर लिहून ‘यातला शब्द बदलून वाक्य टिकतंय का बघा’ असा खेळ द्यावा, तास कधी संपला ते कळणार नाही. प्रोग्रॅमिंग येणाऱ्यांना ‘पायआयडब्ल्यूएन’ नावाच्या पायथन लायब्ररीतून इंडोवर्डनेटचे सगळे समूह आणि धागे थेट घेता येतात. भाचीनं तसंच केलं आणि माझ्या जुन्या पत्रकांमधले शब्द त्यावर लावून दिले. नव्यानं वापरणाऱ्यानं शब्द मूळ रूपात टाकायची सवय करावी, ‘डोळ्यातून’ऐवजी ‘डोळा’, आणि पहिल्या अर्थावर न थांबता खालपर्यंत जावं. ज्याला झटपट एकच उत्तर हवंय, त्याच्या उपयोगाची ही वस्तू नाही.

असं हातानं बांधलेलं काम चालू राहायला माणसं लागतात, पगार लागतात, वर्षं लागतात. मॉडेलं स्वस्तात मजकूर गिळून दरवर्षी नवी निघत असताना एकेका अर्थावर चर्चा करत बसणाऱ्या कोशकारांना कोण विचारणार, ही धास्ती मला आहे. मराठीला २०२४ मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्या निमित्तानं जे होईल त्यात शब्दबंधात नवे समूह, बोलींचे शब्द आणि वाक्प्रचार भरायचं काम असावं, असं मला फार वाटतं. विदर्भातल्या, कोकणातल्या, खानदेशातल्या दवाखान्यांत ‘चिपडं’ला काय म्हणतात, हे तिथल्या सिस्टरांना विचारून कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

मिरजेच्या त्या कागदाची सातवी ओळ आता अशी आहे: ‘डोळ्यातून पू किंवा चिकट घाण येऊ लागली, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.’ ‘ताबडतोब’ही काढला, कारण एका आजींनी विचारलं होतं, ‘‘रात्री एसटी नसती, मग काय करायचं?’’ त्यांच्यासाठी खाली दवाखान्याचा रात्रीचा नंबर मोठ्या अक्षरांत टाकलाय.